पाहणाऱ्या कलेपुढे कसे उभे राहावे

हल्ली मोठ्या शहरांत अशी कला मांडतात, की तिला आपण पाहायला जातो आणि तीच आपल्याला पाहत बसते. आपण हललो की तीही काहीतरी करून दाखवते. केळापूर तालुक्यातला माणूस पांढरकवड्याहून गाडी पकडून तिथे पोचलाच, तर गांगरू नये म्हणून चार सूचना.

आधी लाकडी आरसा. डॅनियल रोझिन यांनी १९९९ साली ८३० लाकडी तुकडे जोडून तो केला. लपलेला कॅमेरा तुम्हाला टिपतो, एकेक तुकडा मोटरीने कलतो आणि उजेड-सावलीत तुमचे रूप उमटते. इथे सगळेच हात हलवतात. तुम्हीही हलवा, नाहीतर मागचा म्हणेल, ‘बिघडलं का?’

खरी परीक्षा पावसाच्या खोलीत. रँडम इंटरनॅशनल या कलावंतांनी २०१२ साली लंडनच्या बार्बिकनमध्ये ती मांडली. छतातून धो धो पाणी, पण तुम्ही जिथे उभे राहाल तिथला पाऊस थांबतो. चालाल तशी कोरडी जागा सोबत चालते. हे पाहायला लोक तासन्‌तास रांगेत उभे होते. तुम्ही नवल वाटल्याचा सराव घरूनच करून जावे. सरकी टोबून झाली की धुऱ्यापलीकडे सरी आणि आपल्या वावरात फुफाटा, हा प्रयोग आपण बिनतिकिटाचा पाहतो. पण ‘हे तर आमच्याकडं दरसाल’ असे तिथे मोठ्याने म्हणू नये. आणखी एक, सावकाश चालावे. पळालात तर यंत्र मागे पडते आणि तुम्ही भिजता. हे कळल्यावर आमचे एक काका वावरभर पळून आले. भिजले, पण घामाने.

कॅमेऱ्याने टिपले जाण्याचा सराव हवाच असेल तर टिपेश्वरचे जंगल जवळ आहे. वाघाच्या दोन्ही कुशींचे पट्टे वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना झाडांना कॅमेरे बांधतात. अंगाची ऊब हलली की खटकन फोटो. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी ते लावले, फोटो निघाले ३ कोटी ४८ लाख. त्यांत वाघाचे ७६,६५१. बाकी बिबटे, हरणे, ढोरे, नुसतेच हललेले गवत आणि आपण.

वाघ हात हलवत नाही, तरी त्याची ओळख पटते. तुम्ही मोहफुले वेचायला निघालात आणि झाडाला असा डबा दिसला, तर भांग पाडत बसू नये. तो गुडघ्याएवढ्या उंचीवर असतो. चप्पल तेवढी बरी घालावी.