सहा पोशाख आणि आत्याचा ब्लाउज

फॅशन डिझाइनची चार वर्षांची पदवी घेऊन घरी परतलेली एक तरी मुलगी हल्ली पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत असते. ओळखायला सोपी. केस पेन्सिलीने वर खोचलेले, गळ्यात टेप आणि अंगात ढगळ काळा शर्ट. समस्त स्त्रीवर्गाचा पेहराव ती बदलणार असते. तो काळा शर्ट तेवढा बदलत नाही.

तिच्या पदवीच्या कलेक्शनमध्ये सहा पोशाख असतात. सहांना मिळून एक भारदस्त इंग्रजी नाव, 'फ्रॅगमेंट्स ऑफ मान्सून' किंवा तसलंच काहीतरी, आणि सोबत कन्सेप्ट नोट. त्या नोटेत स्त्रीदेहाचं स्वातंत्र्य, शहराची घुसमट, आजीच्या आठवणी आणि गंजलेलं शटर एकाच परिच्छेदात गुण्यागोविंदाने नांदतात. शटरचा फोटोही मूडबोर्डवर टाचलेला असतो. मात्र स्वातंत्र्याच्या त्या पोशाखाचा मुंढा इतका तंग, की मॉडेलला हात वर करता येत नाही. पीएमपीच्या बसमध्ये दांडा धरायची वेळ आली, तर स्वातंत्र्य शिवणीसकट उसवायचं.

यात तिचा दोष कमी, कागदाचा जास्त. फॅशनच्या चित्रातली बाई नऊ डोक्यांएवढी उंच काढायला शिकवतात. हाडामांसाची बाई साडेसात डोक्यांतच आटोपते. वाढीव उंची बहुतेक सगळी पायांना मिळते. त्यामुळे कागदावर घोट्यापर्यंत डौलात झुलणारा कोट आत्याच्या अंगावर चढला की जमीन झाडू लागतो.

कागद आणि कापड यांच्या मधोमध उभे असतात मास्टर. गल्लीतल्या दुकानात त्यांचा जन्म मशीनवर गेलेला. पदवी नाही, पण कानावर खडू आहे. ती त्यांना आयपॅडवर स्केच दाखवते: गुळेदगुडच्या खणाचा कोट, खाली भरपूर घेर, सगळा कट उरेब. मास्टर चष्मा कपाळावर सरकवतात.

"ताई, खणाचा पन्हा केवढा?"

"अरुंद असतो."

"आणि घेर?"

ताई गप्प.

"खण विणला चोळीसाठी. त्यातून तुम्ही कोट काढताय. कळ्या लावाव्या लागतील."

"मला मध्ये शिवण नकोय, मास्टर. सलग फॉर्म हवाय."

"मग माग रुंद करायला सांगा."

अखेर कळ्याच लागतात. "आधी मांजरपाटावर शिवून बघू, खणाला कात्री नंतर," हेही मास्टरच सांगतात. उरेब कापलेलं कापड लगेच दुमडायचं नाही. रात्रभर टांगायचं, वजनाने जेवढं उतरायचं तेवढं उतरू द्यायचं आणि मग घेर सारखा करायचा, हेसुद्धा त्यांचंच. कॉलेजात हे शिकवलेलं असतं, पण त्या तासाला ती बहुधा कन्सेप्ट नोट लिहीत असावी. पुढे त्याच कळ्यांचं नोटेत 'डीकन्स्ट्रक्टेड पॅनेलिंग' होतं आणि परीक्षक नेमकं तेवढंच उचलून धरतात. मास्टरांना याची खबर नसते. ते शिलाईची वाट बघत असतात.

सहावा पोशाख आजीच्या जुन्या जरीच्या साडीतून काढलेला. नातीच्या लेखी हा स्मृतींचा संवाद. आजी मात्र तो उलटसुलट करून बघते आणि विचारते, "उरलेली जर कुठंय?" तिच्या काळी जुन्या साडीची जर चांदीच्या भावाने जायची. त्या हिशेबात स्मृती कधीच धरलेल्या नव्हत्या.

आता करिअर. तिचं स्वप्न स्वतःच्या लेबलचं. मग मुंबईचा फॅशन वीक, मग पॅरिस. बाबांचं स्वप्न वेगळं. कोल्हापूरच्या भानू अथैयांना १९८३ साली 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं, हे त्यांनी कुठेतरी वाचलंय आणि आल्यागेल्याला ते ऐकवतात. त्याच बाईंनी सुरुवातीला मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढली, बुटीकसाठी कपडे केले, हा भाग बापलेक दोघेही सोयीस्करपणे गाळतात.

मिळते ती नोकरी. एक्स्पोर्ट हाउसमध्ये मर्चंडायझर व्हायचं म्हणजे रंगाचे नमुने मंजूर करून घेणं, बटणं वेळेत आली का हे फोनवर विचारणं आणि उरलेला दिवस एक्सेलमध्ये घालवणं. नाहीतर मालिकेच्या सेटवर वेशभूषा सहायक. तिथे कन्सेप्ट एकच: कालच्या प्रसंगात सूनबाईंचा पदर कुठल्या खांद्यावर होता. हातात स्टीमर, मनगटाला सेफ्टी पिनांची माळ आणि फोनमध्ये त्या पदराचे शेकडो फोटो.

एवढ्यात आत्या येते. पिशवीत तीन ब्लाउजपीस आणि मापाला जुना ब्लाउज. "तू एवढी शिकलीस, तर माझं एवढं करच. कटोरी हवी, बाही कोपरापर्यंत, गळा फार मोठा नको. आणि हो, साडीला फॉल-पिकोपण." आपण डिझायनर आहोत, शिंपी नव्हे, हे ती समजावून सांगते. आत्या शांतपणे ऐकून घेते आणि म्हणते, "मग शनिवारी येऊ ना घ्यायला?"

त्या ब्लाउजवर चार वर्षांची खरी परीक्षा होते. आत्याचा एक खांदा किंचित उतरता आहे. वीस वर्षं ती तो पदराखाली झाकत आलीय. मापाच्या ब्लाउजमध्येही तो चुकलेलाच. ही पोरगी टेप लावते, खांदा वेगवेगळा मापते, मांजरपाटावर दोनदा बसवून बघते. ब्लाउज असा बसतो, की आत्या आरशासमोरून हलत नाही. मग कुर्त्याची फर्माईश येते. पोरगी त्याला न विचारता बाजूच्या शिवणीत खोल खिसा ठेवते, मोबाइल आणि चाव्या मावतील असा. पुढच्या आठवड्यात आत्याच्या भिशीतल्या सगळ्या बायका मापं द्यायला हजर.

माझं मत विचाराल, तर तिचं कलेक्शन ते हेच. नऊ डोक्यांची बाई तिच्याकडे कधीच माप द्यायला येणार नाही; साडेसात डोक्यांच्या रांग लावून येतील. तुमच्या सोसायटीतही अशी एक असेल. तिला पॅरिसचं काय झालं म्हणून छळू नका. ब्लाउज द्या, कुर्ता द्या, खिसा हक्काने मागा. फक्त 'घरचीच तर आहे' म्हणत शिलाई बुडवू नका. त्यातले निम्मे तिला मास्टरांना द्यायचे असतात.