साडू आणि साडेतीस मिलिमीटर

आमचे साडू कॅमेरा घेणार आहेत. ही बातमी २०१८ सालच्या गणपतीतली आहे, पण अजून खोटी ठरलेली नाही, म्हणून तशीच सांगतो.

साडू पाटबंधारे खात्यात होते. उभ्या हयातीत त्यांनी तीन दरपत्रकं आणि एक तुलनात्मक तक्ता असल्याशिवाय टाचण्यांचा डबासुद्धा मंजूर केला नाही. निवृत्त झाले, हातात पैसे आले आणि माणसाला निवृत्तीनंतर जे जे सुचतं ते त्यांनाही सुचलं. होमिओपॅथी माझ्या वाट्याला आली होती, त्यांनी फोटोग्राफी घेतली. गौरी-गणपतीच्या सवलतीत एक डीएसएलआर घ्यायचा ठरला. मी सोबत होतो. पैसे खिशात होते. दुकानदाराने खोकं फोडलंही होतं. तेवढ्यात काउंटरमागचा एक पोरगा सहज बोलून गेला, "काका, मिररलेसपण बघून घ्या ना एकदा."

त्या पोराला आपण काय करून ठेवलं याची आजही कल्पना नसेल.

दोष काळाचाही होता. ऑगस्टच्या तेवीस तारखेला निकॉनने झेड सहा आणि झेड सात जाहीर केले होते, सप्टेंबरच्या पाच तारखेला कॅननने ईओएस आर. डीएसएलआरच्या जगातली ही दोन जुनी घराणी दोन आठवड्यांच्या आत आरसा काढून मोकळी झाली होती. त्यात फुल फ्रेम मिररलेस विकणारी सोनी २०१३ पासून दारात उभीच होती. साडूंनी पैसे परत खिशात घातले आणि म्हणाले, "थांबू या. चित्र स्पष्ट होऊ दे."

त्या दिवसापासून आम्ही थांबलेलो आहोत.

घरी येऊन त्यांनी दोनशे पानी वही आखली. डावीकडे 'आरसा आहे', उजवीकडे 'आरसा नाही'. खाली गुण, अवगुण, वजन, किंमत, शेरा. या वहीचे आता तीन खंड झाले आहेत. पहिल्या खंडात पान बाराला बॅटरीचा हिशेब आहे: निकॉनचा डी ८५० एका चार्जमध्ये १८४० फोटो काढतो, त्याच घरातला झेड सात ३३०. समोर लाल शाईत शेरा: 'अबब'. कारण उघड आहे. आरसेवाल्या कॅमेऱ्यात तुम्ही डोळा लावता तेव्हा लेन्समधून आलेला उजेडच आरशावरून आणि काचेच्या प्रिझममधून फिरून डोळ्यात येतो, त्याला वीज लागत नाही. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात डोळ्यासमोर एक चिमुकला टीव्ही सतत चालू असतो. आता १८४० फोटो रोज काढणार कोण, हा प्रश्न ताईने, म्हणजे साडूंच्या बायकोने, विचारला होता. त्यासाठी वहीत रकाना नव्हता.

डीएसएलआर म्हणजे काय हे मला कुठल्याही पुस्तकातून कळलं नसतं तितकं साडूंकडून कळलं, तेही एका लग्नाच्या मांडवात. मंगलाष्टकं रंगात आली होती. साडू मला कोपराने ढोसून म्हणाले, "अहो, समजा हा अंतरपाट म्हणजे आरसा. बटण दाबलं की आरसा वर जातो, मागे सेन्सरला उजेड दिसतो, फोटो निघतो. बरोबर? पण आरसा वर गेला की फोटोग्राफरच्या डोळ्यापुढे अंधार! म्हणजे अंतरपाट दूर झाला, वधूवरांनी एकमेकांना पाहिलं, अख्ख्या मांडवाने पाहिलं, फक्त फोटो काढणाऱ्याने नाही पाहिलं." मी अक्षता टाकायच्या विसरलो. इतकी नेमकी उपमा मला आजवर कुठल्या कीर्तनकाराकडून मिळालेली नाही.

मग ते स्टेजजवळ गेले आणि लग्नाच्या फोटोग्राफरला, घोड्याचे दात तपासावेत तसं, विचारू लागले, "शटर काउंट किती झालाय हो? दीड लाखाच्या पुढे?"

"काका, जरा बाजूला. तुम्ही फ्रेममध्ये येताय."

त्या लग्नाच्या अल्बममध्ये साडू एकूण नऊ फोटोंत आहेत. सगळ्यांत कॅमेऱ्याकडे बघतायत, पण चेहऱ्याने नव्हे, तज्ज्ञ म्हणून.

पहिल्या वर्षी निर्णय झालाच असता, पण सासऱ्यांची लेन्स आडवी आली. सासरे फिल्मच्या काळातले हौशी. त्यांच्यामागे निकॉनची ५० एमएमची एक लेन्स थोरल्या जावयाकडे आली होती, धाकट्याकडे छत्री. लेन्स जुन्या पद्धतीची, म्हणजे फोकस करणारी मोटर तिच्या पोटात नाही, ती कॅमेऱ्याच्या बॉडीत असावी लागते. आता मजा बघा. निकॉनच्या आरसेवाल्यांपैकी डी ५६०० मध्ये ती मोटर नाही. डी ७५०० मध्ये आहे. मिररलेसवर लेन्स बसवायची तर मध्ये अडॅप्टर हवा, कारण निकॉनच्या १९५९ पासूनच्या एफ माउंटमध्ये लेन्सची बैठक सेन्सरपासून साडेसेहेचाळीस मिलिमीटरवर असते आणि नव्या झेड माउंटमध्ये सोळावर. आरशाला हलायला जागा सोडायची नसली की घर आखूड बांधता येतं. मधले साडेतीस मिलिमीटर अडॅप्टर भरून काढतो, पण त्यातही मोटर नाही. म्हणजे लेन्स बसणार, फोटो येणार, फोकस मात्र बोटांनी फिरवायचा.

"मध्यस्थ चांगला आहे," साडू म्हणाले, "पण हुंड्यात मोटर नाही."

या साडेतीस मिलिमीटरवर आठ महिने गेले. सकाळच्या फेरीत, दाढी करताना, सत्यनारायणाच्या पूजेत चौथ्या अध्यायापर्यंत. शेवटी सासऱ्यांच्या स्मृतीसाठी डी ७५०० असं मनाशी पक्कं झालं आणि लेन्स साफ करून घ्यायला ते दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने ती दिव्यासमोर धरली. आत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी.

"काका, फंगस. चामड्याच्या डबीत ठेवली होती का?"

लोखंडी कपाटात, चामड्याच्या डबीत, डांबरगोळ्यांच्या शेजारी, पुण्याचे पंधरा पावसाळे. साडू दोन दिवस जेवले नाहीत असं ताई सांगते. मला आठवतं तसं त्यांनी फक्त भात सोडला होता.

पण त्या धक्क्यात त्यांनी आयुष्यात प्रथमच चार दिवसांत एक वस्तू विकत घेतली: ड्राय कॅबिनेट. काचेच्या दाराचं छोटं कपाट, विजेवर चालणारं, आत आर्द्रता पंचेचाळीस टक्क्यांवर धरून ठेवणारं. दरपत्रक नाही, तक्ता नाही. मी आश्चर्याने कारण विचारलं तर म्हणाले, "यात आरसेवाला आणि बिनआरशाचा असे दोन प्रकार नाहीत."

एकदा ही वाट सापडल्यावर मग ट्रायपॉड आला. पाठीवरची बॅग आली. चौसष्ट जीबीची दोन मेमरी कार्डं आली. धूळ उडवायचा रबरी फुगा आला, तो नातवाने नेला. थोडक्यात, कॅमेरा सोडून कॅमेऱ्याचं सगळं आलं. चौरंग, कलश, आंब्याची पानं, सुपाऱ्या, सगळं मांडून झालं होतं.

मूर्तीचं मात्र दरवर्षी काहीतरी निघे. २०२१ मध्ये निकॉनने झेड नऊ काढला, त्यात यांत्रिक शटरच नाही. "आधी आरसा गेला, आता पडदाही गेला. उद्या लेन्स जाईल, मग घेऊ," साडू म्हणाले. २०२२ च्या जुलैत जपानच्या एका वर्तमानपत्राने छापलं की निकॉन नवे डीएसएलआर बनवणं थांबवणार. कंपनीने लगेच सांगितलं की ही निव्वळ अटकळ. साडूंनी निकॉनचं ऐकलं नाही आणि वर्तमानपत्राचंही नाही. त्यांनी वाट पाहिली. सुतकात माणूस शांत होतो तसे काही दिवस शांत होते. मग मला म्हणाले, "आता जुन्या डीएसएलआरच्या किमती पडतील. तुम्ही घेऊन टाका."

मी घेऊन टाकला. सेकंडहँड, वीस हजार शटर काउंट, त्यांनीच तपासून दिलेला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांच्या सल्ल्याने मिररलेस घेतला. भाच्याने त्यांच्याच वहीतलं पान फाडून नेलं, कॅमेरा घेतला, लग्नाच्या ऑर्डरी घेऊ लागला आणि दुसरी बॉडीही घेतली. आम्हा तिघांपैकी एकालाही पश्चात्ताप झालेला नाही. माझ्याकडे आता चार हजार फोटो आहेत, त्यांतले सहा बरे आहेत. साडूंचा सल्ला चुकत नाही हेच तर त्यांचं दुखणं आहे. चुकणारा माणूस कधीच कॅमेरा घेऊन चुकांना लागला असता.

गेल्या थंडीत आम्ही सगळे भिगवणला गेलो. उजनीच्या फुगवट्यात पहाटे होडी, समोर रोहित पक्ष्यांची गुलाबी ओळ, होडीत दुधीभोपळ्याएवढ्या तीन लेन्स आणि पाठीवर पूर्ण बॅग लावलेले साडू. बॅगेत थर्मास, चिवडा आणि दोन कोरी मेमरी कार्डं. खालच्या बाई त्यांना कौतुकाने दाखवत होत्या, नवा कॅमेरा पक्ष्याचा डोळा आपोआप कसा पकडतो ते: पडद्यावर एवढासा चौकोन, पक्षी हलला की चौकोनही हलतो. मला द्रोणाचार्यांची परीक्षा आठवली. अर्जुनाला फक्त डोळा दिसला. साडूंना उभं केलं असतं तर झाड दिसलं असतं, फांदी, पानं, शेजारचं झाड, आणि पुढच्या दिवाळीत ते किती स्वस्त होईल हेही.

तेवढ्यात आकाशातून एक ऑस्प्रे दगडासारखी खाली आली. माझा डीएसएलआर खटखटखट वाजला. बाईंचा मिररलेस आवाज न करता चालला. पाणी उडालं, पक्षी मासा घेऊन वर. साडू शांतपणे बाईंना म्हणाले, "सायलेंट मोडवर होतात ना? पंख वाकडे आले असतील. सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचतो, तोवर पंख पुढे गेलेला असतो." बघितलं तर खरोखर वाकडे. मला म्हणाले, "आणि तुमचा शटर स्पीड कमी होता." बघितलं तर खरोखर कमी. त्या होडीत मासा नीट बघितलेला माणूस एकच होता आणि त्याने चिवड्याची पुडी उघडली होती.

परवा त्यांच्याकडे जेवायला गेलो. बाहेर मुसळधार. अशा हवेत कुणाच्याही घरचा पापड चामड्यासारखा लागतो, पण ताईने ताटात वाढलेला पोह्याचा पापड मोडताच असा वाजला की साडूंनी वहीतून मान वर केली. मी कौतुक केलं. ताई काही बोलली नाही, आतल्या खोलीत गेली आणि काचेचं दार उघडून आणखी चार घेऊन आली. वरच्या कप्प्यात पापड, मधल्यात कुरडया, खालच्यात लाह्या आणि कोपऱ्यात सासऱ्यांची लेन्स.

"अगं, दार लाव पटकन," साडू आकड्याकडे बघत ओरडले, "अठ्ठेचाळीसवर गेलं! फंगस धरेल."

"कशाला?" ताईने विचारलं.

साडूंनी पापडाचा तुकडा मोडला आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.