एफएक्यू दर्जाचं पुण्य

प्रति,
मा. शाश्वतता विभागप्रमुख,
एक अत्यंत नैतिक कपड्यांचा ब्रँड, मुंबई.

विषय : आपल्या पुण्याची प्रतवारी करण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या २,४९९ रुपयांच्या टी-शर्टाला लटकवलेली चिठ्ठी वाचली. कागद पुनर्वापराचा, दोरी तागाची, वर हिरवं पान आणि खाली ‘शेतकऱ्याच्या प्रेमातून, कमी पाण्यात’. मी नारायणगडाच्या पायथ्याचा कापूसवाला. प्रेमाचं आठवत नाही. बोंडअळीपायी फवारण्या मात्र केल्या. कमी पाण्याचं श्रेय आमचं नव्हे. रान कोरडवाहू, विहिरीलाच पाणी नसतं.

तरी आपला शब्द खोटा, असं मी म्हणणार नाही. हा संत नगद नारायण महाराजांचा गड. लोक याला धाकटी पंढरी म्हणतात. इथे माल पाहिल्याशिवाय भाव बोलत नाहीत, एवढंच.

म्हणून विनंती अशी की, भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदी केंद्रावर आमची होते तशीच आपलीही तपासणी व्हावी. आधी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी. त्यासाठी आधार, सातबारा, पीकपेरा. मग गाडी रांगेत. ग्रेडर येतो, वरच्या कापसाकडे बघतही नाही. वर चांगलाच माल असतो हे त्याला ठाऊक. कोपरापर्यंत हात खुपसून तो तळातली मूठ ओढतो, बोटांनी धागा ताणतो, मग ओलावा मोजायचं यंत्र लावतो. माल एफएक्यू, म्हणजे रास्त सरासरी दर्जाचा, आणि ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, १२ पर्यंत कपात, त्यापुढे गाडी परत. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बोंडं भिजली, तेव्हा पावसाचं कारण यंत्राने ऐकून घेतलं नाही.

आपल्या चिठ्ठीचा ओलावा कोण मोजतं? बहुधा आपणच. फार तर प्रमाणपत्र देणारी संस्था, आणि तिची फी भरणारेही आपणच. २०२० साली सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक ठरवणाऱ्या गॉट्स या संस्थेलाच भारतात सुमारे २० हजार टन कापसाचे बनावट दाखले सापडले. तिने ११ कंपन्यांवर बंदी घातली. त्या साली सेंद्रिय कापसाला कागदाचं रान चांगलंच मानवलं होतं. ढाक्याजवळच्या राना प्लाझा या इमारतीतल्या काही कपड्यांच्या कारखान्यांचीही रीतसर तपासणी झालेली होती. २०१३ मध्ये ती इमारत कोसळून १,१३४ माणसं गेली. तडे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं होतं.

तेव्हा तळातली मूठ काढूच. एका टी-शर्टाला साधारण साडेसहाशे ग्रॅम कापूस धरा. जिनिंगमध्ये सरकी निघून त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा रुई म्हणून उरतो. २०२५-२६ च्या लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे आपल्या २,४९९ मधले ५३ रुपये शेतात आले, तेही माल केंद्रावर पास झाला तर. नाहीतर व्यापारी म्हणेल तो भाव. त्यातच बियाणं, खत, औषध. वेचणीला किलोमागे दहा रुपये धरले, तर वेचणारीच्या ओटीत साडेसहा रुपये. चिठ्ठीची छपाई आणि दोरी याहून महाग पडली असेल, तर तसं कळवावं.

पुढच्या हंगामापासून हिरवं पान काढून तिथे चार ओळी छापाव्यात : रुई कोणत्या जिनिंगची, बाजारभावापेक्षा किती जास्त दिले, नगामागे शिलाईची मजुरी किती, आणि शिवलेल्या मालापैकी किती न विकता पडून राहिला. ग्रेडर म्हणून वेचणारी आणि शिवणारी अशा दोघी बसतील. त्यांची फी आपण भरायची नाही.

ओलावा १२ च्या वर निघाला, तर गाडी परत न्यावी लागेल. भाडं आपल्याकडे.

आपला,
एक नोंदणीकृत कापूस उत्पादक,
नारायणगड, जि. बीड