वायफायची पंगत

राउटरच्या सेटिंगमध्ये 'प्राधान्यक्रम' नावाचं एक पान असतं. उपकरणाचं नाव निवडायचं आणि त्यापुढे उच्च, मध्यम किंवा कमी यांपैकी एकावर टिचकी मारायची. सुखाने नांदणाऱ्या एकत्र कुटुंबाने या पानाच्या वाटेला जाऊ नये.

आमच्याकडे ते रविवारी दुपारी सर्वांच्या साक्षीने उघडलं गेलं. बायकोची ऑफिसची मीटिंग 'उच्च', यावर दुमत नव्हतं. घराचा हप्ता तिथूनच जातो. बाबा म्हणाले, "पंढरपूरचं थेट दर्शन काय 'मध्यम' म्हणून घ्यायचं?" विठोबाही उच्च झाला. मावशी न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल करते. "तिला कमी टाकलंस हे तिला कळलं तर?" इति आई. गेममध्ये अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे साक्षात मृत्यू, असं चिरंजीव म्हणाले. सगळेच उच्च झाले आणि 'कमी'च्या रकान्यात माझा एकट्याचा लॅपटॉप उरला. दर्शन अडकायचं ते अडकतच राहिलं.

कारण मूळ दुखणं वेगळंच होतं. चिरंजीव गेमचं अपडेट सोडतात किंवा आईचा फोन लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवायला घेतो, तेव्हा डेटाच्या पॅकेटांची झुंबड मोडेमच्या दाराशी लोटते. मोडेम पडला भिडस्त. नाही म्हणणं जमत नाही, म्हणून सगळ्यांना आत घेऊन थांबवून ठेवतो. मग मीटिंगमधलं "हॅलो" त्या सगळ्यांच्या मागे ताटकळतं. या रोगाचं 'बफरब्लोट' हे नाव २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी रूढ केलं.

उतारा पंगतीत आहे. वाढपी पहिल्याच पानाशी, त्या माणसाचं पोट भरेपर्यंत, जिलब्या वाढत उभा राहत नाही. एकेक वाढत पुढे सरकतो. नेटवर्कसाठी हा नियम जॉन नेगल यांनी १९८५ सालीच सुचवला होता: ज्याची त्याची रांग वेगळी आणि पाळीपाळीने वाढप. एखाद्याला दोनशे जिलब्या हव्या असल्या तरी शेजारच्याची पहिली जिलबी वेळेवर पडते, आणि फोनवरच्या बोलण्याला तर एकच पुरते. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' आणलं. ते रांगेची लांबी बघत नाही, थांबण्याचा वेळ बघतं. तो ५ मिलिसेकंदांच्या वर रेंगाळत राहिला की पॅकेट सरळ टाकून देतं. पाठवणाऱ्याला ते उमगतं आणि तो हात आखडता घेतो. या दोन्हींचा संसार म्हणजे 'एफक्यू-कोडेल'.

लबाडी तरीही होतेच. काही डाउनलोड सॉफ्टवेअर एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात, म्हणजे एकच बुवा आठ पानं मांडून बसतो. त्यावर 'केक' नावाची पद्धत आधी माणसं मोजते, मग पानं.

वायफायची आणखी एक खोड आहे. टोकाच्या गॅलरीत बसलेल्या बाबांच्या जुन्या फोनला तेवढ्याच पॅकेटसाठी हवेतला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि त्यांचं होईपर्यंत सगळी पंगत खोळंबते. म्हणून काही नवे राउटर पॅकेटं नव्हे, वेळ सारखा वाटतात. हे समजावल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे मी सावकाश जेवतो म्हणून मला अर्धपोटी उठवणार!" याचं उत्तर अजून कुठल्याही इंजिनिअरने दिलेलं नाही.

खरी चकमक पुढे झाली. रांग मोडेममध्ये किंवा इंटरनेट कंपनीच्या यंत्रात लागली तर तिथे आपला वाढपी पोहोचत नाही. ती आपल्याच राउटरमध्ये लागावी म्हणून त्यात वेगाची मर्यादा पाच-दहा टक्के कमी घालावी लागते. "शंभराचे पैसे भरून नव्वद घ्यायचे?" बाबा कडाडले. "उरलेले दहा कुणाच्या घशात?" कुणाच्याच नाही, ती शिस्तीची किंमत. मर्यादा घातली, अपडेट चालू असताना मीटिंग सुरळीत झाली, विठोबाही अडकला नाही. बाबा मात्र त्या दहाचा हिशेब अजून मागतात.

तेव्हा मंडळी, नेट अडखळलं की मोठा प्लॅन घेण्याआधी राउटरमध्ये 'एसक्यूएम' (याच पंगतीच्या व्यवस्थेचं सेटिंगमधलं नाव) आहे का ते बघा आणि असेल तर चालू करा. वाढप त्याच्यावर सोडा. घरात कुणाचं काम जास्त महत्त्वाचं, हे मात्र कधीही विचारू नका. बायको आणि आई एकाच खोलीत असताना तर मुळीच नको.