सहा वर्षांची फट

हैदराबादच्या सुलतान बाजारात सरकारी प्रसूतिगृह आहे आणि तिथून जवळच कोठीला टायपिंग-झेरॉक्सची दुकानं. बाळंतपण ते बायोडाटा, सगळं पायी जाण्याजोगं. मधली सहा वर्षं तेवढी कागदावर मावत नाहीत.

"मॅडम, ये छे साल खाली है," दुकानातला पोरगा म्हणाला. स्क्रीनवर २०१८ नंतर थेट २०२४.

लिंक्डइनने २०२२ पासून 'करिअर ब्रेक'ची सोय केलीय म्हणे. ब्रेक! बरं.

म्हटलं, लिही. रात्री तीनला उठून तक्रार निवारण. बडी चौडीच्या बाजारात कडेवर मूल, दातात पिशवीचा बंद, एका हातात साडी धरून मॅचिंगचा ब्लाउजपीस शोधायचा आणि तीनशेचा दीडशेला पाडायचा. पोरानं क्षणभर विचार केला नि टाइप केलं, 'व्हेंडर मॅनेजमेंट'. हुशार आहे.

२०१७ च्या दुरुस्तीनं कायद्यात २६ आठवडे पगारी रजा आली, पन्नास माणसं असतील तिथं पाळणाघरही. मुलाखतीत मात्र प्रश्न ठरलेला: "मुलाला कोण बघतं?" आमच्या ह्यांना हे कुणी विचारलं नाही. मूल त्यांचंही तेच, पण बायोडाट्यात एका दिवसाची फट नाही.

"दो पेज, बीस रुपये."

मी पंधरावर आणले.

पोरानं प्रिंट थांबवली, माउस सरकवला आणि व्हेंडर मॅनेजमेंटच्या आधी 'ॲडव्हान्स्ड' जोडलं.