ताणतात्या

जुन्नर-आंबेगावात जिथे द्राक्षाचे मांडव आहेत, तिथे ताणतात्याही आहे. नाव काहीही असो, वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, बंडीच्या खिशात पक्कड, आणि स्वतःची बाग एकतर नाही किंवा आहे ती मुलाच्या ताब्यात. याची वेळ भर दुपारची. ओतूरपासून कळंबपर्यंत माणसं जेवून आडवी झाली की हा गृहस्थ दुसऱ्याच्या बागेत शिरतो. घडांकडे ढुंकूनही पाहत नाही. वरची तार चिमटीत धरून तुणतुण्यासारखी छेडतो, मान तिरकी करून ऐकतो आणि निकाल देतो, "ढिली हाय." इतक्या वर्षांत त्याला एकही तार घट्ट सापडलेली नाही. मालक जागा होऊन "ऱ्हाऊ द्या तात्या" म्हणेपर्यंत टर्नबकलचे दोन आटे फिरलेले असतात, आणि तिसऱ्यासाठी पाना मालकाकडेच मागितलेला असतो.

गाव याला रिकामटेकडा म्हणून हसतं. माझ्या मते गाव चुकीच्या गोष्टीला हसतं. तारेला हात लावून पाहणं ही खोड नव्हे, विद्या आहे. मांडव म्हणजे जमिनीवर नांगरलेलं जहाजच. शिडाच्या होडीची डोलकाठी ताठ उभी दिसते ती बव्हंशी पुढून, मागून आणि दोन्ही कुशींकडून तिला धरून ठेवणाऱ्या तारांमुळे. एका बाजूची ओढ वाढली की काठी तिकडे वाकते. द्राक्षाच्या ओळीतही कडेचा खांब बाहेर कललेला असतो, त्याच्या माथ्यावरून एक तार जमिनीत पुरलेल्या ताणाच्या दगडाला जाते, आणि शंभर-शंभर मीटरची ओळ त्या दोन टोकांच्या दगडांवर विसंबते. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरचा माल नाणेघाट उतरून बंदरांकडे जायचा, आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यावर तर दोन डोलकाठ्यांचं जहाजच कोरलेलं आहे. त्या काळी कल्याणच्या धक्क्यावर एखादा ताणतात्या दोर चाचपत हिंडत नसेल असं मला वाटत नाही.

आणखी जवळचा पुरावा हवा असेल तर खोडदला जावं. तिथल्या महाकाय दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि तबकडी म्हणावी तर पत्रा कुठेच नाही. गोविंद स्वरूप यांनी लोखंडी कमानींवर स्टीलचे बारीक दोर ताणून त्यांवर तारेची जाळी बसवायची युक्ती काढली. वारा जाळीतून निघून जातो, रेडिओ लहरी मात्र अडकतात. हलकेपणामुळे खर्च आटोक्यात राहिला. आकाशगंगेपलीकडचं ऐकणारं हे यंत्र तारांच्या ताणावर उभं आहे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाची गर्दी तिथे दीर्घिका, परग्रहवासी असलं काहीबाही विचारते, "ही जाळी ढिली पडत न्हाई का?" हा खरा प्रश्न विचारायला ताणतात्याच लागतो.

मग त्याचं चुकतं कुठे? त्याला झोळ म्हणजे आळस वाटतो. तार दोरीसूत सरळ हवी, वेलीचं आणि घडांचं ओझं आलं तरी तसूभर खाली येता कामा नये, हा त्याचा आग्रह. आता हिशेब पाहा. दोन खांबांत तीन मीटर अंतर आणि त्यामधल्या तारेवर १५ किलोंचं ओझं धरा. मधोमध पाच सेंटिमीटर झोळ ठेवला तर तारेवर सुमारे ११२ किलोंची ओढ येते. झोळ अडीचवर आणला की ओढ दुप्पट, २२५. एक सेंटिमीटरवर आणला तर ५६० च्या पुढे. झोळ निम्मा केला की ताण दुप्पट होतो, आणि झोळ शून्य करायचा तर अनंत ताण लागतो, जो नारायणगावच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. "तुटेपर्यंत ताणू नये" हे शहाणपण सगळे सांगतात, पण मांडवात ते अपुरं पडतं. एका खांबावर पाच-सहा तारा येतात, सगळ्यांची ओढ शेवटी एकाच दगडावर, आणि तार तुटायच्या आधी तो दगडच ओल्या मातीतून किडक्या दाढेसारखा वर येतो. खांब आत झुकतो, मागची ओळ त्याच्यामागे. तात्या तोवर दुसऱ्या गावात पोचलेला असतो.

यावर त्याची बाजू घेणारे म्हणतील, ढिल्या तारेने काय कमी नुकसान होतं? होतं, आणि पुष्कळ होतं. एप्रिल-मेच्या वळवाच्या वाऱ्यात सैल तार हेलकावे खाते, दर हेलकाव्याला धक्का बसतो, आणि असले धक्के पिळापाशी तार खातात. होडीतही सैल तारांमुळे डोलकाठीला हिसके बसतात. तेव्हा तात्याने दोन आटे फिरवले म्हणून एखादी बाग वाचलीही असेल. फक्त होडी वाऱ्याला कलली की ज्या कुशीला वारा लागत नाही तिथली तार किंचित सैल पडते, आणि ती तशी पडावी हेच योग्य. तिलाही कसून ठेवलं तर उगाच डोलकाठीचा बुंधा होडीच्या तळावर दाबला जातो. ढिली दिसणारी प्रत्येक तार गुन्हेगार नसते. त्यातून तात्याची वेळ दुपारची. शंभर मीटर लोखंडी तार वीस अंशांच्या फरकाने अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांबते. उन्हात ऐसपैस झालेली तार तात्या कसून ठेवतो, आणि जुन्नरच्या डिसेंबरातल्या पहाटे ती आखडून दगडाला ओढू लागते. सुती दोराचं उलट, तो भिजला की आखडतो, म्हणून दव पडायच्या आधी तंबूचे दोर थोडे सैल सोडायचे असतात. तात्याला हे कोणी सांगितलं तर तो म्हणतो, "तवा बी ढिलंच व्हतं."

माझी खरी तक्रार मात्र वेगळीच आहे. ताण देणं हे निम्मं काम. होडीवर टर्नबकल बेताचं कसलं की त्याच्या भोकांतून स्प्लिट पिन घालतात, पाय फाकवतात, वर चिकटपट्टी गुंडाळतात. पिन नसेल तर हादऱ्यांनी आटा आपोआप उलटा फिरतो, आणि पट्टी नसेल तर तेच टोक शीड फाडतं. हे काम दिसत नाही, त्यात टणत्कार नाही, म्हणून तात्याला त्यात रस नाही. तो तारेला पीळ देतो आणि पिळाचं दोन बोटं टोक तसंच बाहेर सोडून पुढे जातो. ते आत वळवायला पक्कडीचा एक झटका पुरतो. मग विरळणीला आलेल्या बाया दिवसभर डोक्यावर हात करून मणी कातरत त्या ओळीतून सरकतात आणि कुणाचा पदर अडकतो, कुणाच्या मनगटावर ओरखडा उठतो. त्यांच्या तोंडून तात्याबद्दल जे ऐकू येतं ते इथे छापता येणार नाही, पण तांत्रिकदृष्ट्या ते अचूक असतं.

चैत्रात नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. ताणतात्या त्या गर्दीतही राहुटीच्या खुंट्या हलवून पाहत असतो. ढोलकीवाला बोटाने पुडी ठोकत, कान देत, कडी इकडची तिकडे करत असतो; त्याला दोन पुड्यांचा मेळ हवा आहे. तात्या बराच वेळ उभा राहून शेवटी सल्ला देतो, "वढ अजून." ढोलकीवाला वर न बघता हसतो.

राहिला प्रश्न की हा माणूस ऐन दुपारी, तार सर्वांत फसवी असते तेव्हाच, बागेत का येतो. उत्तर त्याच्या घरच्या ओसरीवर आहे. तिथे सुंभाची बाज आहे. तिचा पायथ्याचा दोर त्याने वर्षानुवर्षं इतका ओढून घेतलाय की झोळ नावाला उरलेला नाही; तात्या आडवा झाला की घरंगळतो. नातवाने एकदा तिच्यावर गोटी ठेवली, ती थेट उंबऱ्यापर्यंत गेली.