चार मेगाबाइटचा वाद्यवृंद

आयबीएम छापाच्या पीसीला कंठ फुटला तो जरा उशिराच. १९८७ साली ॲडलिबचं कार्ड आलं आणि तोवर नुसतं ‘पीं’ करणारा डबा गाऊ लागला. पण ते गाणं गणिताचं. लहरीवर लहर चढवून चिप सूर घडवायची. त्यातला पियानो कुठला आणि व्हायोलिन कुठलं, हे ऐकणाऱ्याने समजुतीने ठरवायचं. मग १९९२ साली क्रिएटिव्हने वेव्ह ब्लास्टर आणला. साउंड ब्लास्टर १६ या साउंड कार्डाच्या २६ पिनांवर चढून बसणारं हे छोटं डॉटरबोर्ड. त्याच्या पोटात खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले तुकडे होते. अख्खा वाद्यवृंद, ४ मेगाबाइटमध्ये! आज थालीपिठाच्या एका फोटोला एवढी जागा लागते.

एवढ्याशा जागेत भागवायचं तर हात आखडता घ्यावाच लागतो. व्हायोलिनचा सूर सुरुवातीला क्षणभर खरा. पुढे तोच इवलासा तुकडा फिरवून फिरवून वाजवायचा. एका स्वराचा नमुना ताणून आजूबाजूच्या चार स्वरांची गरज त्यातच उरकायची. यामाहाचं डीबी५०एक्सजी हे असंच बोर्ड तर ४ मेगाबाइटमध्येच ६७६ आवाज देतं, मात्र एका वेळी ३२ सूर. तेहतिसावा आला की आधीच्यांपैकी कुणीतरी मुकाट्याने उठून जातो.

गेमांचं संगीत सीडीवर गेलं आणि ही बोर्डं अडगळीत पडली. आता जगभरचे हौशी लोक त्यांना शोधून काढतात आणि पीसीशिवाय स्वतंत्र डब्यात बसवतात. काम तसं अवघड नाही. पाच व्होल्ट, अधिक-उणे बारा व्होल्ट, डाव्या-उजव्या आवाजाच्या तारा, आणि मिडीची एक पिन. मिडीच्या तारेतून आवाज येत नाही, आकडे येतात: १४४, ६०, १००, म्हणजे पहिल्या चॅनलवर मधला सा बऱ्यापैकी जोराने वाजव. मध्ये ऑप्टोकपलर नावाची आठ पायांची काळी चिप बसवायची. तिच्यात एका बाजूला इवला दिवा, दुसऱ्या बाजूला तो पाहणारा डोळा; निरोप उजेडाने जातो, त्यामुळे दोन यंत्रांच्या विजेची भानगड एकमेकांत मिसळत नाही आणि स्पीकर गुणगुणत नाही. शेवटची पिन रीसेटची. तिला पाच व्होल्ट दिले नाहीत तर बोर्ड तोंडातून शब्द काढत नाही आणि लोक ते मेलं समजून सुतक धरून बसतात.

सुटं होण्यात बोर्डाचाही फायदाच आहे. साउंड ब्लास्टर १६ च्या अनेक आवृत्त्यांत मिडीचा निरोप मध्येच गळायचा, सूर थांबवायचा राहून जायचा आणि एखादी बासरी श्वास न घेता तास-तास वाजत राहायची. स्वतःच्या डब्यात आल्यावर हा जाच संपतो.

पुण्याच्या बुधवार पेठेत ऑप्टोकपलर मागितला की काउंटरवरचा मुलगा विचारतो, “काय बनवताय काका?” सांगितलं की म्हणतो, “मग ॲपच टाका ना मोबाइलवर. पियानो एकदम ओरिजिनल.” मुद्दा बिनतोड आहे. अडचण एवढीच की ओरिजिनल पियानो कुणाला हवाय? १९९३ साली ‘डूम’ हा गेम खेळताना जो खोटा पियानो, जी खोटी गिटार कानात बसली, तीच हवी आहे. खोटी, पण अस्सल खोटी. यामाहाच्या बोर्डाचा खोटेपणा चकचकीत, रोलँड कंपनीच्या बोर्डाचा जरा भारदस्त, आणि यांतला श्रेष्ठ कोणता यावर घराण्यांचे वाद व्हावेत तसे वाद होतात. या वादांत मी रोलँडच्या बाजूचा. मात्र माझ्याकडे बोर्ड यामाहाचं आहे, कारण ते स्वस्तात मिळालं.

आपल्या वाद्यांची हजेरीही या बोर्डांत आहे. १९९१ च्या जनरल मिडी नावाच्या सामाईक यादीतल्या १२८ वाद्यांत सतार १०५ वी आणि सनई ११२ वी. सनईला साथ मात्र कुणाची ते विचारू नये. तबला नाही, संबळ नाही, चौघडा नाही. तालवाद्यांत बोंगो, कोंगा आणि चक्क शिट्टी आहे. सनईचा आवाज सनईसारखा नाहीच, पण ती कुठल्या तरी लग्नातून आली असावी एवढा संशय घेता येतो.

एक गोम लक्षात ठेवावी. यादी मोजते १ पासून, बोर्ड मोजतं ० पासून. सनई हवी म्हणून ११२ पाठवलं तर किणकिण घंटी वाजते. बोलावणं लग्नाचं आणि सुरू होते पूजा. इतके दिवस डाग देऊन डबा तयार झाला, की घरातल्यांना ऐकवावासा वाटतोच. ते ऐकतात आणि “झालं?” असं विचारतात. अशा वेळी यादीतलं १२७ वं वाद्य कामी येतं, ते म्हणजे टाळ्यांचा कडकडाट. फक्त बोर्डाला १२६ पाठवायचं. १२७ पाठवलंत तर बंदुकीचा बार उडतो.